सीनेवाची अडत

१

सीनेवाच्या गोदामाचं शटर वर गेलं आणि दारात जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. आत अळूचे गड्डे सडले होते. तो वास ज्याने एकदा घेतला तो जन्मभर विसरत नाही, आणि त्या सकाळी ऑकलंडच्या ओताहुहू भागातल्या अख्ख्या बाजाराने तो घेतला. शेजारचा कोबीवाला नाकाला रुमाल लावून बघायला आला, बघितलं आणि रुमालासकट परत गेला.

पुढे झाले ते तुइलोमा. सामोआच्या सवाई बेटावरच्या फालेतुई गावाचे हे प्रमुख. तुइलोमा हे त्यांना गावाने दिलेलं मानाचं नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव आता त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, कोण जाणे. गावातली सगळी घरं मिळून अळू लावतात, दर महिन्याला एक कंटेनर भरून जहाजाने ऑकलंडला पाठवतात आणि इथले तीन अडते तो विकून देतात. विक्रीच्या शंभरातले बारा अडत्याचे. गोदामात माल सडला तर तोही अडत्याचाच, त्याची भरपाई कुणी करत नाही.

यंदा या बारावरून जुंपली होती. गाव म्हणत होतं दहाच देऊ, अडते म्हणत होते पंधरा पाहिजेत. त्या तंट्यापायी तुइलोमा स्वतः विमानाने आले होते, पुतणीकडे मुक्काम ठोकून होते आणि आज कुणाला न सांगता तिन्ही गोदामं बघायला निघाले होते. उएलेसेकडे माल खणखणीत. फालानिकोकडेही तसाच. आणि सीनेवाकडे मागच्या भिंतीलगतची सगळी थप्पी पाघळलेली.

बोलताना तुइलोमांची बोटं कधी रिकामी नसत. मांडीवर नाहीतर पोटावर काथ्या धरून ते सुंभ वळत असायचे. आता तो काथ्या त्यांनी शर्टाच्या खिशात कोंबला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"एकाच जहाजातला माल. या दोघांचा टिकतो आणि हिचाच तेवढा सडतो? चांगली पोती बाहेरच्या बाहेर विकायची, कुठला तरी जुना सडका माल आणून इथे रचायचा आणि मग पंधरा द्या म्हणून गळा काढायचा. आमच्याकडे याला चोरी म्हणतात."

सगळ्यांच्या नजरा सीनेवाकडे वळल्या. ही ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई नवरा गेल्यापासून एकटी गाळा चालवत होती आणि एरवी बाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. ती आज फरशीकडे बघत उभी राहिली.

तुइलोमा वळले ते फुआतिनोकडे. बंदरावर परदेशी फळं-भाज्यांची तपासणी करण्यात फुआतिनोची सगळी नोकरी गेली होती. अळवाचा एक गड्डा हातात घेतला की तो कुठल्या मातीतला, हे ती सांगायची, आणि तिचं स्वतःचं ना शेत होतं ना गाळा. म्हणून रास्त अडत किती हे ठरवण्याचं काम दोन्ही बाजूंनी तिच्यावर टाकलं होतं. अडचण एकच होती. सीनेवा तिच्या गेलेल्या भावाची बायको होती.

"शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही दर सांगणार आहात," तुइलोमा म्हणाले. "त्याआधी ही बाई अडत्यांत राहणार की नाही, तेही तुम्हीच सांगायचं. भावजय म्हणून पदराखाली घेऊ नका."

२

गाळा गेला तर सीनेवाकडे दुसरं काही नव्हतं. आणि चोर म्हणून गेला तर चर्चमध्ये बसायला जागासुद्धा उरली नसती. फुआतिनोला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. ती दुपारी गाळ्यावर गेली तेव्हा सीनेवाने न विचारता कोको उकळला आणि नारळाच्या दुधातले पाव पुढे ठेवले. सामोअन म्हणा नाहीतर कुणीही म्हणा, संकटात सापडलेल्या घरात आधी खायला मिळतं. फुआतिनोने दोन पाव खाल्ले, कारण रिकाम्या पोटी तिचं डोकं चालत नसे, आणि तिसरा खाल्ला कारण तो समोर होता.

मग तिने विचारलं, माल दरवेळी सडतो का. दरवेळी नाही, सीनेवा म्हणाली, पण बहुतेक वेळी. मागच्या भिंतीकडचाच का? हो, तिकडचाच जास्त. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? यावर सीनेवाने कपात उगीच चमचा फिरवला.

"बोलले की. पंधरा द्या म्हटलं."

"का पाहिजेत ते नाही सांगितलंस."

"पुरत नाहीत म्हणून. आणखी काय सांगायचं?"

फुआतिनोला आपल्या भावजयीचा स्वभाव ठाऊक होता. ही बाई खोटं बोलताना डोळ्यांत डोळे घालून बोलायची आणि खरं लपवताना भांडी घासायला घ्यायची. आता तिने धुतलेला टोप पुन्हा धुवायला घेतला होता.

फुआतिनो उठली आणि गाळा बघत फिरली. पडदा, झाडूचा दांडा, बाहेरची छत्री, वजनकाट्याचा मोडका पाय, सगळं सुंभाने बांधलेलं होतं. बारीक, घट्ट, तपकिरी सुंभ. खिळ्याला त्याची एक मोठी जुडी टांगली होती.

"प्लास्टिकची दोरी मिळत नाही वाटतं बाजारात?" तिने चेष्टेत विचारलं.

"मोठ्या माणसाच्या हातचं आहे ते, ताई," सीनेवा पाठ न वळवता म्हणाली. "टाकवत नाही."

३

उएलेसेची गाठ पडली तेव्हा तो जेवत होता. उएलेसे हा तिघांतला ज्येष्ठ, पोटानेही आणि मानानेही. फालेतुई गावाने त्यालाही एक मानाचं नाव दिलेलं होतं. सीनेवाचं नाव काढताच त्याने हात धुतला. बाई चांगली आहे, तो म्हणाला, पण बाईमाणसाला गोदाम सांभाळणं कठीण, हवा खेळती ठेवावी लागते, पोती फिरवावी लागतात. तो स्वतः पोती फिरवतो का, असं फुआतिनोने विचारलं. तशी वेळच येत नाही, तो म्हणाला, माझा माल टिकतो.

कंटेनर कसा उघडता, हेही तिने विचारलं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्याने त्याने सांगितलं. आधी प्रार्थना होते. मग दार उघडतं आणि पहिली पोती तो उचलतो, त्याचा मान म्हणून. त्याचा वाटा बाहेर पडला की फालानिको, कारण तो चर्चचा डीकन, पाळकांचा मदतनीस. राहिलेली सीनेवाची. पूर्वी तिचा नवराही शेवटीच उचलायचा, त्याच्या घराला मानाचं नाव नव्हतं. याबद्दल कधी कुणाची कुरकुर नाही, हे उएलेसेने दोनदा सांगितलं, आणि ते खरं होतं. सामोआतल्या माणसाला कोण कुणाच्या आधी हे विचारणं म्हणजे डावा पाय कुठला हे विचारणं.

फालानिको नव्या ट्रकला पाणी मारत होता. हा हसरा गडी, प्रत्येक गोष्टीवर त्याचा विनोद तयार. बारा पुरतात का या प्रश्नावर त्याने हातातली नळी ट्रककडे वळवून उत्तर दिलं. मग पंधरा कशाला मागतोस? सीनेवा मागत होती, तो म्हणाला, एकटी पडली असती, म्हणून आम्हीही मागितले. हे सांगताना तो थोडा लाजला आणि फुआतिनोला तो फार आवडला.

त्याने तिला अळवाचे चार गड्डे पिशवीत घालून दिले. पिशवी फाटकी निघाली. फालानिकोने थप्पीवरच्या पोत्याच्या तोंडची दोरी कापली आणि पिशवी बांधून दिली. निळी नायलॉनची दोरी होती. फुआतिनो थप्पीकडे बघत राहिली. यच्चयावत पोत्यांची तोंडं निळ्या दोरीने बांधलेली होती. उएलेसेकडेही निळीच होती, तिला आता आठवलं.

"सुंभाने बांधलेलं पोतं नाही का एखादं?"

"सुंभ?" फालानिको हसला. "मावशी, पोत्याला सुंभ मी शेवटचा बघितला तो आजोबांच्या घरात. पोत्यांसाठी आता कोण वळत बसतंय?"

फुआतिनो चार गड्डे तिथेच विसरून निघाली. सीनेवाच्या गोदामात ती नाकाला पदरासारखी ओढणी लावून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली. सकाळी सगळ्यांनी सडलेले गड्डे पाहिले होते, पोत्यांची तोंडं कुणी पाहिली नव्हती. एकूण एक सडकं पोतं सुंभाने बांधलेलं होतं. गाठी शाबूत होत्या. आणि गाळ्यात टांगलेल्या सुंभाहून हा सुंभ एका बाबतीत वेगळा होता. काथ्याच्या पेडांमध्ये लाल कापडाची बारीक चिंधी वळलेली होती.

तिने एका पोत्याचं तोंड गाठीसकट कापून घेतलं आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत टाकलं. चोर कोण नाही, हे तिला कळलं होतं. आता हे ज्याला सांगायचं, त्याला कसं सांगायचं, हा विचार करत ती बाहेर पडली.

४

पुतणीच्या ओसरीवर तुइलोमा चटई टाकून बसले होते आणि मांडीवर सुंभ वळत होते. फुआतिनोसाठी त्यांनी खुर्ची मागवली. तिने ती नाकारली आणि गुडघे कुरकुरत असतानाही त्यांच्यासमोर चटईवर बसली, कारण जे बोलायचं होतं ते वरून खाली बोलण्यासारखं नव्हतं.

निकालाचं तिने काढलंच नाही. गावात कंटेनर भरतात तो दिवस कसा असतो, एवढंच विचारलं. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. आधी सगळी तरुण पोरं तुइलोमांच्या शेतात उतरतात, गाणी म्हणत त्यांचं अळू खणतात, धुतात, पोती भरतात आणि ती पोती नीरफणसाच्या झाडाखाली रचून ठेवतात. त्यांचं झाल्याशिवाय गावात दुसऱ्या कुणाच्या शेतात कुदळ पडत नाही. मग बाकीची घरं एकेक करून खणतात, त्याला चांगला आठवडा जातो. आणि कंटेनर आला की पाळक आशीर्वाद देतात आणि पहिली पोती आत जातात ती तुइलोमांची. या खेपेला पोती एवढी झाली की सुंभाला काथ्या कमी पडला. बायकोने जुनी लाल लुंगी फाडून दिली, चिंध्या वळून वेळ मारून नेली. हे सांगताना ते स्वतःशी हसले.

फुआतिनोने पिशवीतून पोत्याचं तोंड काढून चटईवर ठेवलं.

तुइलोमांनी ते उचललं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि त्यांचं हसू थांबलं.

"ही माझी गाठ. कुठे मिळाली?"

"सीनेवाच्या मागच्या भिंतीला. सडलेलं प्रत्येक पोतं असंच बांधलेलं आहे."

"म्हणजे माझी पोती रिकामी करून तिने..."

"ही गाठ सोडून परत घालता येते का?"

त्यांनी गाठ नखाने ओढून बघितली. नाही, ते म्हणाले, ती कापावीच लागते, आणि वळणाऱ्याच्या हाताशिवाय ती पुन्हा कुणाला बसायची नाही. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, म्हणून फुआतिनोला पुढे बोलायला धीर आला.

"रागावू नका. मी फक्त पोत्याच्या मागोमाग चालत जाते आहे. लाल चिंधी आहे, म्हणजे पोतं या खेपेचं. गाठ शाबूत आहे, म्हणजे गावातून निघाल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. तुमची पोती सगळ्यात आधी आत जातात, म्हणजे पार टोकाला जातात. इथे दार उघडलं की आधी उएलेसे उचलतो, मग फालानिको. टोकाचं उरतं ते सीनेवाचं. उएलेसे आणि फालानिकोकडे तुमचं एकही पोतं नाही. फालानिकोने तर इतक्या वर्षांत सुंभाने बांधलेलं पोतंच पाहिलेलं नाही. तिकडे मानाने जे पहिलं, ते इथे जिला मान नाही तिच्या पदरात पडतं. दर खेपेला."

"पण माझीच का सडावीत?"

उत्तर त्यांनीच मघाशी हसत हसत सांगितलं होतं. सगळ्यांच्या आधी खणलेलं अळू, पोत्यात कोंबलेलं, आठवडाभर झाडाखाली उकाड्यात बसलेलं. गावाने त्यांना मान म्हणून दिलेला तो आठवडा होता. ते तुइलोमांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांची मान हळूहळू खाली गेली, आणि फुआतिनोला त्या म्हाताऱ्याची फार दया आली.

"तिला हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या सुंभाचा तुकडासुद्धा तिने कधी फेकलेला नाही. गाळ्यात सगळीकडे बांधलाय. माझा भाऊ आजीकडे, तुमच्याच गावात वाढला. हा सुंभ कुणाच्या हातचा, हे त्याने बायकोला सांगितलं नसेल का? तुमची पोती सडतात असं म्हणायला नको म्हणून ती पंधरा मागत राहिली. का मागते ते शेवटपर्यंत बोलली नाही. आज तुम्ही चोर म्हणालात तेव्हाही नाही."

पुतणी चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून चहा ठेवून परत गेली.

"आणि दर?" तुइलोमांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बारा रास्त आहेत. विकायची मेहनत तेवढीच आहे आणि उएलेसे-फालानिको त्यात सुखी आहेत. पण सगळी सड एकटीच्या गळ्यात टाकून बारा दिले, तर तिच्या हाताला त्यातले निम्मेही लागत नाहीत. एकच दर आणि एकच माल असूनही एकाच्या दारात नवा ट्रक उभा राहतो आणि दुसरीचा वजनकाटा सुंभावर उभा असतो, तेव्हा चूक दरात नसते. सड तिघांनी आणि गावाने मिळून वाटून घ्यावी."

"हे तुम्ही हॉलमध्ये सांगणार. सगळ्यांसमोर."

फुआतिनोने यावर आधीच विचार केला होता आणि तिला त्यातून वाट सापडली नव्हती. सांगितलं तर फालेतुईच्या प्रमुखाचा मान भर चर्चमध्ये जाईल आणि गाव इथे पुन्हा पोतं पाठवणार नाही. नाही सांगितलं तर भावजय चोर ठरेल.

"सीनेवाचं नाव धुऊन निघालं पाहिजे," ती म्हणाली. "कुणी कसं बोलायचं, ते तुम्ही ठरवा."

तुइलोमांनी ती गाठ मुठीत धरली. काथ्या तसाच मांडीवर पडून होता.

५

शनिवारी सकाळी फुआतिनोची वेणी अर्धी घालून झाली होती, तेवढ्यात फालानिकोचा फोन आला. असशील तशी बाजारात ये, तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात विनोद नव्हता.

बाजार थबकला होता. खोकी उचलणाऱ्या गाड्या होत्या तिथे उभ्या होत्या, कोबीवाला टोपी काढून कडेला होता. सीनेवाच्या गाळ्यासमोर ओल्या काँक्रीटवर कुणीतरी मांडी घालून, मान वाकवून बसलं होतं आणि डोक्यावरून मानाची बारीक विणीची चटई ओढून घेतली होती. आत कोण आहे हे विचारावं लागलं नाही. असल्या चटया घरातल्या लग्ना-मरणाला निघतात, आणि एरवी फक्त इफोगाला. ज्याने मोठा अपराध केला, तो असा झाकून घेऊन दुखावलेल्याच्या दारात बसतो. दार उघडायचं की दिवसभर तसंच बसवून ठेवायचं, हे दारातल्या माणसाच्या हातात असतं. गावचा प्रमुख एका विधवेच्या दारात असा बसल्याचं तिथल्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

फालानिकोने फुआतिनोला काय ते विचारलं आणि तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग त्याने उएलेसेला बाजूला घेतलं. उएलेसेचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. थोड्या वेळाने तो भला मोठा देह घेऊन काँक्रीटवर टेकला आणि चटईची एक कड उचलून आत शिरला. दुसऱ्या बाजूने फालानिको शिरला. इतकी वर्षं पहिली पोती उचलताना शेवटी काय उरतं हे त्यांनीही कधी वळून पाहिलं नव्हतं. चटई तिघांना पुरेना. उएलेसेची पाठ सगळी बाहेर राहिली.

सीनेवा दारात आली. फुआतिनोला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिने त्या ढिगाकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं, आत जाऊन शेगडी बारीक करून आली आणि मग पुढे होऊन दोन्ही हातांनी चटई उचलली.

तुइलोमांनी मान वर केली नाही.

"पोरी, तुला माहीत होतं. बोलली का नाहीस?"

"तुमची पोती आपल्या घरी येतात हा आपला मान आहे, असं हे म्हणायचे," सीनेवा म्हणाली. "मानाला सडका कसं म्हणू?"

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. उएलेसेने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग चेहरा पुसून तुइलोमा म्हणाले,

"पंधरा मागत होतीस. पंधरा घे. गावाला मी सांगतो."

"पंधरा काय करायचेत? सड माझ्या एकटीची नसेल तर बारा पुरतात." तिने चटईची घडी घालून काखेत धरली आणि त्यांना उठवायला हात पुढे केला. "उठा आता. फरशी ओली आहे, गुडघे धरतील."

फुआतिनोला हॉलमध्ये सांगायला काहीच उरलं नाही. तरी ती गेली, अर्धी वेणी तशीच, कारण जेवण तिथेच होतं.